तमिळ न येता वाचलेली कादंबरी

अमेरिकेतल्या नोव्हाय गावी आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये कपडे धुण्याची खोली तळघरात होती. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती ती. तेव्हाचं नोव्हाय म्हणजे हायवेला लागून थोडी दुकानं, एक मॉल आणि त्यापलीकडे शेतं. आता तिकडे भारतीय दुकानात अळूची पानंसुद्धा मिळतात म्हणे. मी आले तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये कितीतरी दिवस मला एकही भारतीय चेहरा दिसला नव्हता. नवरा सकाळी गाडी घेऊन कामावर जायचा. तो एका मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर होता. मला गाडी चालवता येत नव्हती, आणि बर्फात पायी जाण्यासारखं कुठे काही नव्हतं. मग मी दोन-चार कपडे साठले तरी ते घेऊन तळघरात जायची. तिथे ड्रायर चालू असला की ऊब असायची, आणि कोणी ना कोणी येऊन जायचं.

तिथेच मला अक्का भेटल्या. चाळिशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, रेशमी काठाच्या साडीवर पुरुषी स्वेटर आणि पायात बर्फाचे जाडजूड बूट. चालू ड्रायरला पाठ लावून त्या खुर्चीत बसल्या होत्या आणि हातातल्या कागदांच्या चळतीत इतक्या बुडाल्या होत्या की मी आलेली त्यांना कळलंही नाही. चळत दोऱ्याने शिवलेली होती. साप्ताहिकातली पानं फाडून, एकावर एक ठेवून, दाभणाने भोकं पाडून घरी शिवलेली. आमचा सांगलीला छापखाना होता, त्यामुळे शिवण बघूनच मला कळलं की हे बाइंडरचं काम नव्हे, कुणा बाईचं आहे. टाके ब्लाउजच्या हातशिलाईसारखे होते.

त्यातलं एक पान सुटून खाली पडलं. मी उचललं. अक्षर एक कळलं नाही, पण वर चित्र होतं. मोठ्या डोळ्यांची, वेणीत गजरा माळलेली एक तरुण बाई दाराआड उभी आहे, आणि ओसरीवरून बाहेर पडणारा एक पुरुष अर्धवट मागे वळला आहे. तो तिच्याकडे बघतोय की चपलांकडे, ते चित्रावरून ठरत नव्हतं.

मी पान परत दिलं आणि न राहवून इंग्रजीत विचारलं, "ही काय म्हणतेय त्याला?"

"काही नाही," अक्का म्हणाल्या. "तोच तर प्रश्न आहे. सतरावं प्रकरण चालू आहे, अजून दोघं एकमेकांशी बोललेली नाहीत."

"भांडण झालंय?"

"लग्न झालंय," त्या म्हणाल्या, आणि दोघी हसलो.

आमचं सगळं बोलणं इंग्रजीत व्हायचं. त्यांना हिंदी येत नव्हतं, मला तमिळ. त्यांचं इंग्रजी सराईत, माझं मराठी शाळेतलं, आधी मनात वाक्य जुळवून मग बोलायचं. इथे मी ते सारं मराठीत लिहितेय, कारण माझ्या आठवणीत ते तसंच उरलंय. त्यांना अक्का म्हणायचं हेही त्याच दिवशी ठरलं. मी म्हटलं, आमच्याकडेही थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी कपडे वाळायच्या आत मला वर घरी नेऊन कॉफी पाजली. त्या मला कण्णा म्हणू लागल्या, म्हणजे आपलं 'बाळा'.

त्यांचे यजमान कुठल्याशा प्रयोगशाळेत धातूंवर संशोधन करायचे. उंच, हडकुळे, अबोल गृहस्थ. मी त्यांना काका म्हणू लागले. अक्का त्यांचा उल्लेख 'अवर' असा करायच्या. अवर म्हणजे 'ते', आपल्या बायका 'हे' म्हणतात ना, तसंच. काका त्या कादंबऱ्यांकडे ढुंकून बघत नसत. "रडक्या गोष्टी," एवढंच एकदा म्हणाले होते.

मूल नव्हतं त्यांना. अमेरिकेत येऊन बरीच वर्षं झाली होती. अक्कांची धाकटी बहीण तिरुच्चीला असायची. ती दर आठवड्याला साप्ताहिक विकत घ्यायची, वाचून झालं की त्यातली चालू कादंबरीची पानं फाडून ठेवायची, आणि पुरेशी साठली की शिवून बोटीच्या टपालाने पाठवायची. पुडकं यायला तीन-तीन महिने लागत. कापडात शिवलेलं, लाखेचे शिक्के मारलेलं, कोपरे दबलेले. मग अक्का ते पुरवून पुरवून वाचत. आणि त्या दिवसापासून मलाही सांगू लागल्या.

दुपारी जेवणं उरकली की मी त्यांच्याकडे जायची. त्या आधी एक परिच्छेद तमिळमध्ये मोठ्याने वाचायच्या, मग इंग्रजीत सांगायच्या. मी म्हणायची, "तमिळ कशाला वाचता अक्का, नुसती गोष्ट सांगा." त्या म्हणायच्या, "नाही. आधी आवाज ऐक." हळूहळू मला ते आवडायला लागलं. मला सगळ्यात आधी जो तमिळ शब्द आला तो 'अप्पुरम'. म्हणजे 'मग?' त्या थांबल्या की मी म्हणायची, "अप्पुरम?"

गोष्ट कुंभकोणमच्या एका घरातली होती. पितळी भांड्यांचं दुकान असलेलं मोठं कुटुंब. धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं एका मुलीशी, आणि लग्नाच्या सकाळी ती मुलगी म्हणाली, मला हे लग्न नको. मांडव भरलेला. दोन्ही घरांची अब्रू जायची वेळ. तेव्हा तिच्या धाकट्या बहिणीला घाईघाईने साडी नेसवून पाटावर बसवलं. ती बसली. तिला तो आवडत होता की नाही हे तिला कुणी विचारलं नाही, आणि खरी गंमत अशी की तो तिला आधीपासून आवडत होता. पण हे आता ती कुणाला सांगणार? त्याला वाटत होतं, हिला माझ्या गळ्यात बांधलं. हिच्यावर अन्याय झाला. म्हणून तो तिच्याशी बोलत नव्हता. काही हवं असलं की आईला सांगायचा, "अम्मा, तिला सांग, कॉफी हवीय." ती दाराआडच असायची. ऐकायची. कॉफी आणून ठेवायची.

बस, एवढंच. आणि मी त्यात पार अडकले.

मी तशी वाचणारी मुलगी. कॉलेजात असताना असल्या गोष्टींना आम्ही नाकं मुरडायचो. पण इथे, बाहेर सगळं पांढरं झालेलं, खिडकीच्या काचेवर आतून ओल धरलेली, आणि अक्का सांगताहेत की आज त्याने बाहेर जाताना वळून पाहिलं, किंवा आज तिने इस्त्री करून ठेवलेल्या सदऱ्याच्या खिशात त्याला मोगऱ्याची एक पाकळी सापडली आणि त्याने ती फेकली नाही. घरी येऊन मी भाजी चिरताना त्याच पाकळीचा विचार करत बसायची.

एकदा एका शब्दापाशी अक्का अडल्या. 'ऊडल'. त्यांनी इंग्रजीत भांडण म्हणून पाहिलं, राग म्हणून पाहिलं, मान हलवली. "भांडण नाही, कण्णा. राग आहे, पण खोटा. खोटाही नाही. बोलायचं नाही, पण त्याने बोलावं म्हणून. प्रेम असलं तरच येतो असा राग. इंग्रजीत शब्दच नाही."

"रुसवा!" मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी तो शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिला. "रुसवा. तुमच्याकडे आहे?"

"आहे. रुसवा-फुगवा म्हणतो आम्ही."

"मग तुला सगळं कळेल," त्या म्हणाल्या आणि पुढे वाचू लागल्या.

कळत होतंच. पण घरी परत येताना पायऱ्या चढता चढता माझ्या मनात आलं, मी शेवटची कधी रुसले? आमच्या लग्नात एकमेकांशी बोलायचं नाही असं काही नव्हतं. लग्न बघून ठरलेलं. नवरा सुट्टीवर आलेला, घाईत सगळं उरकलं. सासरी कोल्हापुरात आम्ही चार दिवस एकत्र काढले, तेही पाहुण्यांनी भरलेल्या घरात. मग तो परत गेला आणि मी व्हिसाची वाट बघत राहिले. त्या चार दिवसांतलं मला एकच आठवायचं. पंगतीत मी जिलबी वाढत होते. त्याच्या पानापाशी आले तसा त्याने हात आडवा धरला, "नको," म्हणाला, आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "वाढ गं, लाजतोय तो." सगळी पंगत हसली. माझे कान तापले. त्या एका बघण्यावर मी व्हिसा मिळेपर्यंतचे महिने काढले.

इथे आल्यावर सगळं घरच आमचं होतं. दार लावलं की तिसरं माणूस नाही. तो चांगला होता. वेळेवर यायचा, गरम कपडे घेऊन दिले होते, माझ्या आईवडिलांची चौकशी करायचा. जेवण कसं झालंय विचारलं तर म्हणायचा, "छान." रोज छान. मग टीव्हीवर बातम्या. कधी मी मुद्दाम गप्प बसून पाहायची, तर त्याला वाटायचं मी दमलेय. "झोप तू," म्हणायचा. रुसलं तरी ते ओळखायला घरात कोणीतरी लागतं. सांगलीला माझी धाकटी काकू रुसली की अख्ख्या घराला आधी कळायचं. माझी आई तिच्या नवऱ्याला, माझ्या सख्ख्या काकांना, जिन्यात गाठून सांगायची, "भाऊजी, आज वर जरा सांभाळून जा." छापखान्यातला कंपॉझिटरसुद्धा हसायचा. आणि काका येताना हटकून काहीतरी पुडी घेऊन यायचे. लहानपणी आम्हाला त्या घराची कटकट वाटायची. एक खोली आपली नाही, एक शब्द आपला नाही. आणि आता इथे एवढी मोकळीक होती की तिच्यात काय ठेवावं तेच कळत नव्हतं.

हे मी अक्कांना कधी बोलून दाखवलं नाही. पण एकदा त्याच म्हणाल्या. गोष्टीत सून माहेरी जायला निघाली होती. तमिळमध्ये माहेराला 'पिरंद वीडु' म्हणतात, म्हणजे जन्मलेलं घर, आणि सासरला 'पुगुंद वीडु', शिरलेलं घर. मला ते फार आवडलं. अक्का पुस्तक मिटून म्हणाल्या, "मी कुठल्याच घरात शिरले नाही, बघ. लग्न झालं आणि सरळ विमानात. मला सासू होती, पण तिच्या स्वयंपाकघरात मी पुरते चार महिने काही नांदले नाही. म्हणून मी हे वाचते. सासू कशी असते, जावा कशा असतात, त्यांच्या डोळ्यांदेखत नवऱ्याशी कसं बोलायचं. सगळं मला यातूनच माहीत."

पुडकं संपलं की आमचे वाईट दिवस यायचे. गोष्ट भलत्याच ठिकाणी तुटलेली असायची. मग आम्ही दोघी पुढचं रचायचो. मी म्हणायची, थोरली बहीण परत येईल आणि तिला पश्चात्ताप होईल. अक्का म्हणायच्या, छे, तो आजारी पडेल. तमिळ कादंबरीत नवरा टायफॉइड झाल्याशिवाय सुधारत नाही. पुढचं पुडकं आलं, तर त्याला टायफॉइडच झाला होता. अक्कांनी मला फोन करून सांगितलं आणि मी पोळी तव्यावर टाकून पळत गेले.

अक्कांच्या बहिणीला समासात पेन्सिलीने शेरे मारायची सवय होती. नायकाने पुन्हा तोंड मिटून घेतलं की ती तिथे लिहायची, 'मक्कु'. म्हणजे मठ्ठ. सासूच्या एखाद्या बोलण्यापुढे दोन उद्गारचिन्हं. अक्का शेरे वाचून दाखवायच्या आणि खुदखुदायच्या. त्या बहिणीला मी कधी पाहिलं नाही, पण कुठे हसायचं आणि कुठे चिडायचं हे आम्ही तिघी मिळून ठरवायचो असं मला वाटायचं.

दुसऱ्या हिवाळ्यात, गोष्ट शेवटाकडे आली असताना, एका सकाळी काका आमच्या दारात उभे राहिले. ते कधी यायचे नाहीत. म्हणाले, "तुझ्या अक्काच्या बहिणीचं... काल. हार्ट. तू येशील का?"

मी तशीच गेले. अक्का स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसल्या होत्या. रडत नव्हत्या. म्हणाल्या, "विमान पकडलं तरी मी पोचेन तेव्हा काही उरलेलं नसेल." मी त्यांच्याजवळ बसले. दुपारी वरणभात करून नेला, त्यांनी दोन घास खाल्ले. पुढे मी रोज जात राहिले, पण कॉफी आणि हवापाण्याच्या पलीकडे बोलणं जात नव्हतं. तळघरातही त्या येईनाशा झाल्या. काकाच कपड्यांची टोपली घेऊन यायचे आणि मशीनसमोर उभे राहून कुठली पावडर घालायची ते मला विचारायचे.

आणि मग बर्फ वितळायला लागलं तेव्हा पुडकं आलं. जायच्या आधी बहिणीने टपालात टाकलेलं, समुद्रावरून सावकाश येत होतं. त्यावरचा पत्ता तिच्याच हातचा. काकांनी ते पोस्टातून आणलं आणि अक्कांनी न उघडता फ्रिजवर ठेवून दिलं.

मी रोज तिकडे बघायची. खोटं कशाला सांगू, त्यात शेवट आहे हे मला ठाऊक होतं. तो तिच्याशी बोलतो की नाही, हे माझ्या डोक्यावर हाताच्या अंतरावर होतं, आणि मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण विचारायचं कसं? असं कितीतरी दिवस चाललं.

एका शनिवारी दुपारी मी गेले तेव्हा काका घरीच होते, कोचावर पेपर वाचत. अक्कांनी कॉफी दिली आणि माझी नजर पकडली.

"तुला शेवट हवाय," त्या म्हणाल्या.

"नाही अक्का. राहू दे."

"हवाय. मलाही हवाय." त्यांनी फ्रिजवरच्या पुडक्याकडे पाहिलं. "मी वाचायला शिकले ना, कण्णा, तेव्हा ती माझ्यापेक्षा वर्षानेच लहान, पण माझ्याआधी भरभर वाचायची. आम्ही एकाच चटईवर झोपायचो आणि ती मला वाचून दाखवायची. आजवर मी मनात वाचते ना, ते तिच्याच आवाजात ऐकू येतं. आता मी ते उघडलं आणि आवाज आलाच नाही तर? आणि आला तर?"

तेवढ्यात पेपरामागून काका म्हणाले, "मी वाचतो."

अक्का त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "तुम्ही?"

"मला तमिळ येतं," काका म्हणाले. पेपर घडी करून ठेवला, उठले, फ्रिजवरून पुडकं काढलं, खिशातल्या छोट्या चाकूने शिवण उसवली आणि चष्मा बदलून बसले.

त्यांनी वाचायला सुरुवात केली ती प्रयोगशाळेचा अहवाल वाचावा तशी. नायिकेच्या डोळ्यांत पाणी आलं काय आणि दुकानात भांड्यांचा नवा माल आला काय, सूर एकच. अक्का मधे मधे मला इंग्रजीत सांगत होत्या, सुरुवातीला दबकत, मग आपोआप. लग्नाला नकार देणारी थोरली बहीण परत आली होती. आई आजारी होती. घरातल्या कामाचा सगळा भार धाकटीवर होता. काका पान उलटत होते. तेवढ्यात दारावर टकटक झाली. माझा नवरा मला न्यायला आला होता, आम्हाला किराणा आणायला जायचं होतं. काकांनी वर न बघता खुर्चीकडे हात केला. "बसा. दोन प्रकरणं राहिलीत."

तो बुटांवरची ओल पुसत दारापाशीच्या खुर्चीत बसला. मला वाटलं, कंटाळेल. थोड्या वेळाने बघते तर तो पुढे वाकून अक्कांचं ऐकत होता. एकदा तर म्हणाला, "पण तो बोलत का नाही? प्रॉब्लेम काय आहे त्याचा?"

"त्याला वाटतं, तिला तो नको आहे," अक्का म्हणाल्या.

"विचारायचं ना मग."

"कसं विचारणार? घरभर माणसं."

काका खाकरले आणि वाचू लागले. ती नवऱ्यासाठी पाणी घेऊन ओसरीवर येते. त्याला काहीतरी बोलायचं असतं, आत्ता बोलेल असं वाटतं, आणि तो पेला खाली ठेवून निघून जातो. आणि तसाच सपाट आवाज ठेवून काका पुढे वाचून गेले, "मक्कु."

अक्का थबकल्या. "काय वाचलंत?"

काकांनी पान डोळ्यांजवळ नेलं. "मक्कु. इथे लिहिलंय. बाजूला, पेन्सिलीनं." मग त्यांच्या लक्षात आलं. ते ओशाळले. "मला वाटलं, गोष्टीतलंच आहे."

मी अक्कांकडे बघायला घाबरत होते. आणि अक्का हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग तोंडाला पदर लावला, मग हसता हसता त्या रडू लागल्या, आणि रडता रडता काकांना म्हणाल्या, "वाचा. सगळं वाचा. बाजूचंसुद्धा." काकांनी मान हलवली. त्यानंतर ते प्रत्येक शेरा वाचत गेले, "पेन्सिलीनं" असं आधी सांगून.

शेवटचं प्रकरण मला अजून पाठ आहे. आई बरी होऊन देवळात गेलेली असते. घरात पहिल्यांदाच दोघं एकटी. तो ओसरीवर येतो, निरोप सांगायला आई नाही. तिने सवयीने कॉफी आणून ठेवलेली असते. तो एक घोट घेतो. ती दाराआड उभी. आणि तो म्हणतो, "साखर कमी आहे."

काकांनी हे वाक्य असं वाचलं की जणू नमुन्यात कार्बन कमी भरलाय. माझा नवरा खो-खो हसला. अक्काही हसल्या. पण गोष्टीत ती बाई दाराआड भिंतीला टेकून रडते, कारण आयुष्यात पहिल्यांदा तो तिला सरळ काहीतरी बोलला होता. तक्रार का असेना, तिच्याकडे केलेली. आणि अक्का ते मला सांगत असताना मी मान वर केली, तर दारापाशीच्या खुर्चीतून नवरा माझ्याकडे बघत होता. खोलीत ते दोघं वडीलधारे बसलेले, मला हलता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. माझे कान तापले. किती दिवसांनी.

बाहेर पार्किंगमध्ये बर्फाचे काळपट ढीग उरले होते. गाडीत बसल्यावर त्याने चावी लावली, पण फिरवली नाही.

"कोल्हापूरला ते चार दिवस," तो म्हणाला, "मला तुझ्याशी इतकं बोलायचं होतं. जिथे जावं तिथे कोणीतरी बसलेलं. आत्याने तर मला चक्क स्वयंपाकघरातून हाकललं."

"मग इथे का नाही बोललात?" तेव्हा मी त्याला अहो-जाहो करायची.

"इथे कोणी हाकलत नाही," तो म्हणाला. "मी रोज घरी येतो, तू समोर असतेस. मला वाटतं, आता बोलूच. मग वाटतं, उद्याही आहेच. सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही."

"मी रुसते, ते तरी कळतं का तुम्हाला?"

तो चकित झाला. "तू रुसतेस? कधी?"

मी सांगितलं. एकेक प्रसंग. गाडीच्या काचा वाफेने भरून गेल्या. किराणा राहूनच गेला. त्या दिवसानंतर सगळं बदललं असं म्हणणार नाही. तो अबोलच आहे, अजूनही. पण तो मला विचारायला लागला, "आज काय, ऊडल का?" हा एक तमिळ शब्द त्याने उचलला होता, आणि भलत्याच वेळी वापरायचा. चिडायचं सोडून मला हसू यायचं.

दोनेक वर्षांनी काकांना टेक्सासमध्ये, प्लेनोला, नोकरी मिळाली. अक्का जायच्या दिवशी मी सहा महिन्यांची गरोदर होते. त्यांनी मला काचेच्या बांगड्या भरल्या, डब्यात चिंचेचा भात दिला, आणि ट्रकमध्ये सामान चढत असताना माझ्या डोक्यावर हात ठेवून तमिळमध्ये काहीतरी म्हणाल्या. आधी आवाज ऐकवला. या वेळी अर्थ सांगितला नाही, आणि मीही 'अप्पुरम' म्हणाले नाही. त्यांच्या जागी एक अमेरिकन जोडपं राहायला आलं. त्यांनी कुत्रा पाळला होता. तळघरात ड्रायरशेजारची ती खुर्ची बरेच दिवस तशीच होती. मग कुणीतरी हलवली.

फोन व्हायचे, रविवारी, दर कमी असतात तेव्हा. मुलगी झाली तेव्हा झाला. तिकडे अक्कांना पुष्कळ तमिळ बायका भेटल्या होत्या, साप्ताहिकं हातोहात फिरायची, बहिणीची मुलगी आता विमानाच्या टपालाने पाठवायची. मला हेवा वाटायचा, हे कबूल करायला हरकत नाही. माझ्या बाळाला पायांवर घालून अंघोळ घालताना मला अक्कांची फार आठवण यायची. सांगलीच्या घराची जशी यायची, तशीच. दोन्हींत मला फरक करता येईना.

एका रविवारी त्या म्हणाल्या, "नवीन कादंबरी सुरू केलीय. सांगू का?"

"सांगा ना. घर कुठलं आहे?"

"मद्रास. फ्लॅट आहे. नवरा-बायको दोघंच."

"सासू?"

"नाही."

"दीर, जाऊ, कोणीच नाही?"

"कोणी नाही, कण्णा. दोघं सकाळी नोकरीला जातात, संध्याकाळी येतात. दार लावून घेतात."

"मग त्यात घडतं काय?"

लाईनीवर खरखर ऐकू येत होती. "मलाही अजून कळलं नाहीये," त्या म्हणाल्या. "तिसऱ्याच प्रकरणावर आहे. थांब, वाचते."

बाळ झोपलं होतं. नवरा आतल्या खोलीत कपडे घडी करत होता. मी फोनची वायर ओढून घेतली आणि भिंतीला टेकून खाली बसले. पलीकडून पान उलटल्याचा आवाज आला आणि मग तमिळ सुरू झालं.